डावी बाजू तरुण राहिली

मी एका बाईच्या कर्करोगाची तारीफ केली होती. ओठांत चार पिना धरून, मापाची टेप तिच्या छातीवर ताणून, बाहेरच्या बाकड्यावर ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "अवं, तुही डावी बाजू तं अजून लग्नातलीच हाय! उजवीचं वय झालं, इचं नाही झालं." आणि आम्ही दोघी पडद्यामागे तोंडाला पदर लावून हसलो. तेव्हा मी बावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल येऊन जुनी व्हायला पाहिजे अशा वयाची. नात कधी कधी विचारते, आजी, तू आधीपासून हुशार होतीस का? मी सांगते, फार हुशार होते, तेच नडलं.

वणीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. आता सून बसते तिथे. माझ्या वेळी एक मशीन, एक आरसा, आणि दोन खिळ्यांच्या मध्ये दोरी बांधून सोडलेला फुलाफुलांचा पडदा, एवढाच संसार. पडद्याआड माप घ्यायचं. आत दिवा नव्हता. गिऱ्हाइकांना अंधारच बरा वाटायचा आणि मलाही. माप बोटांना कळतं, डोळे कशाला लागतात, असा माझा तोरा होता.

टेलर बाईला फार काही कळतं. बाई जे बहिणीला सांगत नाही ते टेपला सांगून जाते. खांद्यापासून टोकापर्यंतचं माप दर दोन वर्षांनी पाव इंच, अर्धा इंच खाली सरकतं. कोणाचं पहिल्या बाळंतपणानंतर एकदम, कोणाचं पाळी जाता जाता, कोणी एकदम बारीक झाली की तिचं. बाया पुटपुटायच्या, "बाई, जरा वर दिसंल असं कर ना." मी करायचे. कटोरी थोडी खोल कापायची, खालचा टक्स, म्हणजे आकार देणारी चूण, अर्धं बोट वर चढवायचा, अस्तराच्या आत तिरप्या कापडाची पट्टी द्यायची, की पन्नाशीची बाई हळदीच्या मांडवात पस्तिशीची होऊन फिरायची. लोक म्हणत, बाईच्या हातात जादू आहे. मी ते कधी नाकारलं नाही.

या जादूच्या मागे माझं स्वतःचं एक शास्त्र होतं, आणि ते शास्त्र मी तेविसाव्या वर्षी काढलं होतं. तेव्हाच्या त्या पोरीची, म्हणजे माझीच, गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळं पाप तिथून सुरू होतं.

पहिली मुलगी झाली तेव्हा मी दिसायला बरी होते आणि ते मला जरा जास्तच माहीत होतं. शेजारणीने सांगितलं, लेकराला पाजलं की छाती लोंबते. झालं! मी आठवडी बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून एक तेल आणलं. त्याला करडईच्या तेलात कापूर टाकल्याचा वास यायचा, आणि ते बहुधा तेच होतं. डाळिंबाची साल वाटून लेप लावला. नऊवारीच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून छाती अशी आवळून बांधली की श्वास घेताना शिट्टी वाजायची. एवढ्यानेही भागेना, तेव्हा मी ठरवलं की दोन्ही नाही तर निदान एक तरी वाचवावं. लेकराला उजवीकडेच घ्यायचं, डावी राखून ठेवायची. आठव्या दिवशी डावीकडे दूध तुंबून दगड झाला आणि ताप एकशे तीनवर गेला. सासूबाईंनी पट्टी सोडली, गरम फडक्याने शेकलं, पोरगी ओढून डावीकडे लावली, आणि त्या वेळी जे बोलल्या ते गल्लीभर गेलं: "एक कायले राखून ठेवलं वं? जत्रेत मांडतं का?"

एवढं होऊनही मूर्ख शहाणी झाली नाही. चाळिशीपर्यंत माझ्या दोन्ही बाजू अगदी शिस्तीत, एकमेकींना धरून खाली आल्या. राखलेली आणि वापरलेली असा भेद त्यांनी केला नाही. ते मी रोज आरशात पाहत होते. तरी डोक्यात शास्त्र तेच राहिलं: जिकडून पाजलं ती बाजू उतरते, जिकडून नाही ती टिकते. माणूस आपल्या अंगावर खोटी ठरलेली गोष्ट दुसऱ्याच्या अंगावर खरी करून पाहतो, त्यातलं हे.

ती बाई राजूरची. कोळशाच्या खाणीकडची वस्ती, तिथल्या शाळेत ती पोरांसाठी खिचडी शिजवायची. माझ्याच वयाची, माझ्याहून उंच, आणि तोंडाची माझ्याहून फटकळ. आमची मैत्री पडद्याआडची. वर्षातून दोनदा यायची: एप्रिलातल्या जयंतीला पांढऱ्या साडीवर पांढरा ब्लाउज, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायच्या आधी दुसरा. राजूरला पांढरं कापड दोन दिवसांत राखाडी होतं, म्हणून दरवेळी नवा. तिला पांढरा म्हणजे पांढराच लागायचा.

मापाची वही माझ्याजवळ अजून आहे. तिच्या पानावर एका एप्रिलला खांदा ते टोक उजवी दहा, डावी दहा, असं लिहिलंय. त्याच वर्षीच्या दसऱ्याला उजवी सव्वादहा, डावी पावणेदहा. म्हणजे डावी पाव इंच वर चढली होती; मी टेप दोनदा लावली. बायकांची मापं खाली जातात, वर येत नाहीत. तिथे माझा हात थांबायला हवा होता. त्याऐवजी तोंड सुरू झालं, आणि मी ते वर लिहिलेलं 'लग्नातलीच हाय'चं वाक्य बोलले.

हसून झाल्यावर ती म्हणाली, "असं कसं वं झालं, एकीकडचंच?"

"लेकरं कोनत्या बाजूनं पाजली?"

तिने जरा आठवलं. "उजवीकडंच घेत होती मी. डाव्या हातानं चूल चालू राहे ना."

"मंग! झालं तं. राखलेली बाजू जवान राह्यली. नशीबवान हायेस तू."

माझं शास्त्र एकदाचं खरं ठरलं होतं. मी उजव्या बाजूचा टक्स वर चढवला, डावीला हात लावला नाही, आणि ब्लाउज असा बसवला की कोणाला फरक दिसू नये. उतरलेल्या बाजूला दुरुस्त केलं. जी बाजू उतरली नव्हती, तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

हिवाळ्यात तो ब्लाउज घेऊन ती परत आली. डाव्या काखेत काचतो म्हणाली. मी म्हटलं, काखेचा मुंढा जरा कमी कापला गेला असेल, आणि उसवून अर्धा इंच सैल दिला. उसवताना अस्तरावर, डाव्या कटोरीच्या बरोबर मधोमध, मुगाएवढा एक तपकिरी डाग दिसला. पांढऱ्या कापडावर तो असा बसला होता, जसं कोणी आतून बोट टेकवलंय. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "पदराची पिन गंजली असन." मीही तेच म्हटलं. मग तिच्यावर उपकार करावेत म्हणून लिंबू आणि मीठ चोळून मी तो डाग काढला. पांढरा शुभ्र केला. माझ्या आयुष्यात मी इतक्या निगुतीने दुसरा डाग काढला नसेल.

पुढच्या एप्रिलला उजवी सव्वादहा, डावी साडेनऊ. त्या दिवशी ती फार हसली नाही. मी टेप लावली तेव्हा तिने खांदा आखडून घेतला. मी म्हटलं, "काय वं, गुदगुल्या होतात का आता?" ती म्हणाली, "नाही. जरा दडस, कडक लागते तिथं." मग थांबून, "बाई, हे बरोबर हाय ना?"

पडद्याआड अंधार होता. बाहेर दोन नवऱ्या मुलींच्या आया घाई करत होत्या. मी म्हटलं, "बरोबर म्हणजे? मी बरोबर करून देतो ना तुले." आणि दिलं. शिवणीत केसाएवढा फरक राहू दिला नाही.

मे महिन्यात मी दवाखान्यात गेले ती तिच्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. खांदे दुखत होते, पट्ट्यांचे वळ उठत होते, हे बाहेरचं कारण. आतलं कारण असं की शेजारच्या सुनेच्या मोबाइलवर मी एक जाहिरात पाहिली होती: छाती उचलून देणारं ऑपरेशन. बावन्नाव्या वर्षी! तेविसातली ती तेलवाली पोरगी मेली नव्हती, फक्त जाड झाली होती. बायकांची डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची. मी आडून आडून बोलत होते, तिने सरळ धरलं.

"काकू, छाती उतरली म्हणून आलात का? त्यात लाजायचं काय."

मी म्हटलं, "पाजल्यानं उतरली."

"पाजल्याने नाही उतरत. आत ना हाड, ना स्नायू. चरबी आहे, दुधाच्या ग्रंथी आहेत, आणि त्यांना धरून ठेवणारे धागे, वरून कातडी. वय झालं, बाळंतपणं झाली, वजन वाढलं आणि उतरलं, छाती मुळातच जड असली, बिडी-सिगारेट असली, की धागे आणि कातडी सैल होतात. सगळ्यांचीच होतात, कोणाची लवकर, कोणाची उशिरा. हा आजार नाही."

मी तेलाचं विचारलं. ती म्हणाली, तेलाने, क्रीमने कातडी मऊ होईल, वर काही जाणार नाही. व्यायाम? छातीच्या मागचा स्नायू बळकट होतो, पाठ सरळ राहते, त्याने जरा बरं दिसतं, पण उतरलेलं मांस चढत नाही. मापाची, रुंद पट्ट्यांची बॉडी घाला, खांदे दुखायचे थांबतील. काढली की जसं आहे तसं. आणि ऑपरेशन? जास्तीची कातडी काढून उचलून शिवतात, एवढंच. "तुमच्यासारखंच, काकू, टक्स घेतात." व्रण राहतात, कधी स्पर्श कमी कळतो, आणि वर्षं गेली की पुन्हा उतरतं. गरज कोणालाच नाही. ज्या बाईला मनापासून करायचं आहे तिने आधी सगळ्या तपासण्या करून, नीट विचारून करावं.

टक्स म्हटल्यावर मला बरं वाटलं. बरोबरीचं माणूस भेटल्यासारखं. म्हणून मी माझं शास्त्र बाहेर काढलं. म्हटलं, माझ्या एका गिऱ्हाईक बाईने एकाच बाजूने पाजलं, तर तिची दुसरी बाजू अजून तरुण आहे बघा.

ती लिहीत होती, तिचा हात थांबला. "पहिल्यापासून तसा फरक आहे?"

"नाही. आता वर्षभरात."

"वय किती?"

"माझ्याएवढी."

"काकू, दोन्ही बाजू अगदी सारख्या कोणाच्याच नसतात. पण जो फरक पाजण्याने पडला असता, तो तेव्हाच पडला असता. पन्नाशीत एक बाजू नव्याने वर ओढली गेली, कातडीला खळी पडली, संत्र्याच्या सालीसारखी झाली, बोंड आत गेलं, त्यातून काही डाग लागला, काखेत काही हाताला लागलं, तर त्याला तरुणपण म्हणायचं नाही. बऱ्याचदा साधंच निघतं, पण ते तपासल्यावर कळतं, आधी नाही. त्यांना पाठवा. उद्याच पाठवा."

ती एकेक गोष्ट सांगत होती आणि मी एकेक उसवत होते. डाग. काख. दडस. पावणेदहा, साडेनऊ. हे सगळं मला माहीत होतं. जगात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते लिंबाने धुतलं होतं.

आता खरी लाजेची गोष्ट लिहिते. डॉक्टर उद्याच म्हणाली होती. मी अकराव्या दिवशी गेले. लग्नसराई होती, सतरा ब्लाउज कापून पडले होते, असं मी स्वतःला सांगत होते. तिचा फोन नंबर माझ्याजवळ नव्हता, हेही सांगत होते, जसं काही वणीहून राजूर विलायतेत आहे. खरं हे की मला तोंड दाखवायचं नव्हतं. राजूरहून माझ्याकडे येणाऱ्या सगळ्या बायकांना कळलं असतं की बाईची जादू काय निघाली. अकरा दिवस मी दुसऱ्यांच्या कटोऱ्या कापत बसले, आणि तिकडे ते काही बसून नव्हतं.

अकराव्या दिवशी ऑटोने गेले. शाळेला सुट्ट्या होत्या, ती घरीच होती, गच्चीवर कुरडया घालत होती. वाळत घातलेल्यांवर जुन्या साडीचं पातळ झाकण, कारण तिकडे उन्हातूनही काळी भुकटी उतरते. मला पाहून तिने साचा खाली ठेवला.

"अवं बाई! घरपोच ब्लाउज द्यायले लागली का आता?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरचं, डागाचं, मापाचं. ती ऐकत राहिली. हाताला चीक लागलेला होता, तो वाळून पांढरा पापुद्रा झाला, तरी तिने हात पुसले नाहीत.

"पण तूच तं म्हटलं, जवान हाय म्हणून," ती म्हणाली.

"मले काय कळते वं. मी टेलर."

ती मला खाली घरात घेऊन गेली, दार लावलं आणि खिडकी उघडी ठेवली. पहिल्यांदा मी तिला उजेडात पाहिलं. डावीकडे खाली बोट बुडेल अशी खळी होती, जसं कोणी आतून धागा ओढून गाठ मारली आहे. बोंड दिसत नव्हतं. कातडी जाड आणि छिद्राछिद्रांची, अगदी डॉक्टर म्हणाली तशी. इतकी वर्षं मी तिथे टेप फिरवली होती.

"थंडीपासून दिसून राह्यलं होतं मले," ती हळू म्हणाली. "आंघोळ करतानी. पोरगी म्हणत होती, दवाखान्यात जाऊ. म्या म्हटलं, कायले? बाई रोजच्या शंभर पाहते, तिले कळत नाही का."

मी तिला ब्लाउज घालायला दिला, हूक मीच लावले.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन गेले. सोनोग्राफी, सुईची तपासणी, मग नागपूर. जे निघायचं ते निघालं, काखेपर्यंत गेलेलं. आधी औषधांच्या बाटल्या, केस गेले, मग डावी बाजू काढली, मग किरणांचा शेक. दर खेपेला तिच्यासोबत मी जाऊ लागले; तिची मुलगी मला बसमध्ये खिडकीजवळची जागा द्यायची, आणि माझ्याशी फारसं बोलायची नाही. बरोबर होतं तिचं. डॉक्टरांनी एकदा माझ्या मैत्रिणीलाच विचारलं, आधी काहून नाही आलात? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सवड नाही भेटली." मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहत होते. त्यात चित्रं होती, कुठे काय बदल दिसला तर यावं याची. पाच चित्रं. पाचही मी कापडात झाकली होती.

पुढे काय झालं याची उत्सुकता लावून ठेवण्यात अर्थ नाही. त्यानंतर तिला चार जयंत्या मिळाल्या. चौथ्या वेळी ती खाटेवर पडून निळे झेंडे पाहत होती, पण ब्लाउज पांढराच होता आणि मीच शिवलेला. थंडीत आलो असतो तर किती मिळाल्या असत्या, हे मी वणीच्या त्या तरुण डॉक्टरला एकदा विचारलं. ती म्हणाली, "काकू, असं कोणालाच सांगता येत नाही." चांगली पोरगी आहे. खोटं बोलताना डोळे खाली करते.

आता दुकानात पडद्याआड ट्यूबलाइट आहे, भगभगीत. सुनेला मी पहिली गोष्ट शिकवली ती टक्स नव्हे. सांगितलं, दोन्ही मापं लिहायची, आणि एखादी बाजू वर चढत असली, किंवा आत डाग दिसला, तर ब्लाउज कापायचा नाही, आधी बाईला दवाखान्यात धाडायचं. रागावली तर रागावू दे. नातीला मूल झालंय, ती मोबाइलवर क्रीम पाहते. मी तिला लुगड्याच्या पट्टीची गोष्ट सांगते, ती हसते, मीही हसते. मग म्हणते, उतरू दे गं, दोन्ही मिळून उतरताहेत ना, मग उतरू दे. तिला वाटतं आजी गंमत करते.

पण ते सगळं नंतरचं. ऑपरेशननंतर पहिली जयंती आली तेव्हा ती स्वतः दुकानात आली, डोक्यावर बोटभर नवे केस, हातात पांढरं कापड. पडद्याआड गेलो. ट्यूबलाइट तेव्हा नव्हती, मीच पडदा थोडा बाजूला सारला. उजवीचं माप घेतलं. डावीकडे टेप नेली आणि ती कुठे टेकवावी ते मला कळेना. वहीत उजवीसमोर सव्वादहा लिहिलं, डावीसमोर पेन्सिल तशीच धरून राहिले. शेवटी जीभ तिच्या जुन्याच वाटेने गेली. म्हटलं, "काळजी नको करू. डाव्या कटोरीत कापूस भरून देतो, असा बरोबर करतो की कोनाले समजनार नाही."

तिने माझ्या हातातून टेप काढून घेतली, माझ्याच गळ्यात टाकली आणि म्हणाली, "नको भरू वं कापूस. लय दिवस बरोबर करून दिलं तूनं. आता जसं हाय तसं शिव."